गुरुवारी ढोलकी बंद

मला राग आला की आधी हात चालतात, मग डोकं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कोणी माझ्या नादी लागत नसे. एका दादाशीच माझी जुंपायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सिहोऱ्याकडच्या आमच्या गावाला लागून मिशनचं लहानसं चर्च होतं आणि शेजारी सिस्टरांचा दवाखाना. चर्चच्या प्रार्थनेत लॅटिन जाऊन हिंदी-मराठी गाणी आली होती, त्यांना ताल धरणारा हवा होता. मी गावच्या दंडारीत, रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्याच्या खेळात, ढोलकी वाजवायचो. आम्ही हिंदू, पण सिस्टरांनी विचारलं आणि मी दर रविवारी मिस्सेला, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेला, जाऊन बसू लागलो. पेटी त्यांच्याकडे, ढोलकी माझ्याकडे. खरं सांगतो, दंडारीत लोक शिट्ट्या मारायचे, इथे डोळे मिटून ऐकायचे. मला त्याची चटकच लागली.

दादाला ते खपत नव्हतं. "फादरले सांगून तुले हाकलाले लावतो, पाहाच तू," असं तो चारचौघांत म्हणाला. मी त्याची गचांडी धरली, त्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला. वहिनी मधे पडली म्हणून निभावलं, नाहीतर त्याच दिवशी कोणीतरी आडवं झालं असतं.

मग आला ईस्टरच्या आधीचा गुरुवार. माझं पहिलंच वर्ष. महिमेचं गाणं सुरू झालं, घंटा वाजल्या, मीही जीव तोडून बडवली. गाणं संपलं तसा फादरांनी हात वर केला. "बस. आता ढोलकी बंद." सिस्टरांनी पेटीवर कापड टाकलं, ढोलकी उचलून आतल्या खोलीत नेली. पुढची गाणी नुसत्या गळ्यानं झाली. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मी उठून बाहेर आलो. अंगाचा नुसता भडका उडाला होता. म्हणजे दादानं डाव साधला तर! फादरांना विचारावं, सिस्टरांना विचारावं, एवढीही अक्कल सुचली नाही.

शुक्रवारी सकाळी दादा शेतात मोहाच्या झाडाखाली वाकून फुलं वेचत होता. बैलबंडी बाजूला उभी होती. मी बंडीची उभारी उपसली, हा मनगटाएवढा सोटा, आणि ओरडलो, "काहून काढलं मले? का बिघडवलं होतं म्या तुहं?" तो उठायच्या आत पहिला तडाखा पाठीत बसला. डोकं वाचवायला त्यानं उजवा हात वर केला. मी त्या हातावर हाणलं. दुसऱ्या तडाख्याला हाड मोडल्याचा आवाज आला आणि तरीही मी तिसरा हाणला. तो तिसरा आजवर मी कोणापाशी कबूल केला नव्हता.

"मी फादरकडं गेलोच नाही बे!" दादा मातीत लोळत ओरडत होता. "आईची आण, गेलोच नाही!"

लोक धावत आले. त्यांनी मला मरेस्तोवर बदडलं; समोरचे दोन दात तेव्हाच गेले. दादाला मिशनच्या दवाखान्यात नेलं, मी रक्त थुंकत मागे मागे. हाताला फळी बांधता बांधता सिस्टरांनी विचारलं, भांडण कशावरून झालं? मी सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"अरे देवा! गुरुवारच्या त्या गाण्यापासून शनिवारपर्यंत आमच्यात कोणतंच वाद्य वाजत नाही. प्रभूच्या मरणाचे दिवस असतात. घंटासुद्धा नाही. शनिवारी तूच वाजवायचं आहेस."

दादा सगळं ऐकत होता. "मले एकडाव विचारलं असतंस," एवढंच तो बोलला.

तिथून त्याला भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगून टाकलं, कोपर चुरलं आहे, हा हात आता वाकणार नाही. ताप चढला म्हणून शनिवारी त्याला पुन्हा सिस्टरांच्या दवाखान्यात आणून ठेवलं. मी फादरांचे पाय धरले. म्हटलं, मले माफी द्या. ते म्हणाले, "माफी माझ्याजवळ नाही. भावाकडे जा." गेलो. दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आणि मी, निर्लज्ज माणूस, सांजेला जाऊन ढोलकीवर बसलो.

महिमेचं गाणं सुरू झालं. दोन दिवस गप्प असलेल्या घंटा खणखणल्या, पेटी उघडली, मी थाप मारली. चार-सहा थापा झाल्या असतील. वहिनी दारातून आली ती थेट माझ्यापाशी. पायातली चप्पल काढून तिनं माझ्या तोंडावर हाणली. परत हाणली. फुटलेल्या ओठातून पुन्हा रक्त आलं.

"त्याच हातानं वाजवून राहिला का तू? तिकडं ते ऐकून राहिले! उशीत तोंड खुपसून रडून राहिले!"

तिला कोणी धरलं नाही. फादरांनीही नाही. मी उठेपर्यंत ती चप्पल हातात घेऊन तिथेच उभी होती. मी उठलो.

पुढे फादरांनी दोनदा बोलावणं पाठवलं, पण मी ढोलकीला शिवलो नाही. आमचं घर एकच, चूल एकच. दादा आणखी अकरा वर्षं जगला, आणि रोज माझ्यासमोर बसून डाव्या हातानं जेवला.