गाडी आत घेतली का?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी असा गाढवपणा करून बसलेय की ऐकून हसावं का गप्प बसावं, ते तुम्हाला कळायचं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. चहा घ्या. साखर कमी पडली असेल तर सांगा, हल्ली माझं लक्ष नसतं.

आमचे आप्पा तुम्हाला माहीत आहेत. म्हणजे माझे मालक हो! सगळा गाव त्यांना आप्पा म्हणतो आणि आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायची पंचाईत, म्हणून मीही आप्पाच म्हणते. शिरोलीत त्यांची छोटी फौंड्री होती. लोखंड वितळवायचं आणि पंपाचे, इंजिनांचे भाग ओतायचे. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. त्या भट्टीच्या धुरात मी कशाला जाते?

तर त्या फौंड्रीत एक गाडी होती. रस्त्यावरची नव्हे. कारखान्याच्या आत माल इकडून तिकडं न्यायची. पुढं एकच चाक, त्या चाकाच्या डोक्यावर इंजिन, इंजिनावर लोखंडी टोपडं आणि मागं सपाट हौदा. स्टेअरिंग नाहीच, नुसता आडवा दांडा. दांडा फिरवला की इंजिनासकट चाक फिरतं. आप्पा म्हणायचे, "जागच्या जागी फुगडी घालत्या बघ!" एक जुनी गिरणी बंद पडली तेव्हा लिलावात घेतलेली, थेट साहेबाच्या देशातली. शेजारच्या शेडमधले दिनकरराव हे आप्पांचे जिवलग दोस्त. लिलावात अशा दोन गाड्या होत्या, दोघांनी एकेक घेतली.

हे लक्षात ठेवा हं. मी ठेवलं नाही.

आप्पांचा त्या गाडीवर एवढा जीव की मी तिला सवत म्हणायचे. जेवायला बसले की तिचंच पुराण. आज हिला हिरवा रंग दिला. आज ही फाटकावर घातली, डावा गाल चेपला बिचारीचा. मी ताटाशेजारी पेपरांचा गठ्ठा घेऊन तपासायची आणि नुसतं "हं, हं" करायची. नवऱ्याचं बोलणं एवढं मन लावून कोण ऐकतं? तुम्ही ऐकता? मग झालं तर!

पुढं आप्पांना विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. शेवटी मी. एके सकाळी मी चहा पुढं ठेवला तर म्हणाले, "बाई, तुम्ही रोज येता, तुमच्या घरचे काय म्हणत न्हाईत?" मी आत जाऊन कणीक मळत बसले. एवढी मळली, एवढी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या.

एक गोष्ट मात्र ते विसरले नाहीत. रोज दिवेलागणीला विचारायचे, "गाडी आत घेतली का? पत्रा गळतोय तिथला."

मी म्हणायची, "घेतली."

मग शांत व्हायचे आणि जेवायचे.

डॉक्टर म्हणाले, "ओळखीच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. कधीकधी थोडंफार आठवतं." झालं! मी ठरवलंच. गाडी दारात आणायची. सवत तर सवत! तिला बघून माणूस शुद्धीवर आला आणि मागोमाग माझंही नाव त्याच्या तोंडात आलं, तर मी तिला रोज हळदीकुंकू वाहीन.

तेव्हा फौंड्री विकायचं चाललंच होतं. कितीतरी वर्षांनी मी शेडमध्ये पाऊल टाकलं. दारातच गाडी उभी! धुळीनं माखलेली, टायर बसलेले, पण हीच ती. एक चाक, टोपडं, दांडा. मी भूगोलाची बाई, खुणेवरून जागा ओळखणारी. लांबूनच ओळखलं.

भंगारवाला बरोबर आला होता. त्याला बजावलं, "ह्या गाडीला हात लावशील तर बघ!"

"न्हाय लावत काकू. आन् त्या मागल्या कोपऱ्यात पोत्याखाली काय काय हाय, त्येचं काय करायचं?"

मी जाऊन बघितलं. एक लोखंडी सांगाडा, चाकं आणि फडक्यात बांधलेली ढीगभर गाठोडी. एका गाठोड्याचं फडकं ओळखीचं वाटलं. अहो, माझी आमसुली इरकल! सणासुदीची! मी कपाटं पालथी घातली होती तिच्यासाठी, कामवालीवर संशय घेतला होता. इथं टराटरा फाडून लोखंडाला गुंडाळलेली! माझं डोकंच फिरलं. गाठ सोडली, आतला काळा गोळा भंगारवाल्याच्या ढिगात भिरकावला आणि फडकं कमरेला खोचलं.

"घेऊन जा सगळं!" म्हटलं. "जागा लख्ख झाली पाहिजे."

गाडी गेली उद्यमनगरात सलीम मिस्त्रीकडं. उद्यमनगरात काय होत नाही? भागाचं नाव सांगा, करून देतात. नाव माहीत नसलं तरी करून देतात. आमच्या पोरानं पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या जाणकाराला फोटो पाठवले. तो म्हणाला, गाडी अस्सल आहे, फार थोड्या उरल्यात, पण मूळ रंग कुठला होता ते खरवडून बघा.

"रंग हिरवा," मी सलीमला सांगितलं. "खरवडून बघ."

त्यानं खरवडलं. धुळीखाली तांबडा निघाला. त्याखाली करडा.

"घास अजून."

करड्याखाली पिवळट.

"अजून घास!"

"काकू, लोखंड लागलं की! आता ह्याच्या खाली जमीनच हाय."

"मग आमच्या आप्पांना हिरवा दिसत असेल," मी म्हटलं. "तू हिरवाच मार."

पुन्हा त्यानं विचारलं, "काकू, तुम्ही डावा गाल चेपलाय म्हनला हुतासा. हितं तर उजवा चेपलाय."

"त्यांचा डाव्याउजव्याचा घोटाळा लग्नापासून आहे. मंगलाष्टकाला चुकीच्या बाजूला उभे राहिले होते."

सलीमनं हातोडी उचलली. भूगोलाच्या बाईपुढं कोण बोलणार? त्यानं पिस्टन करवून घेतला, टायर शोधले, टोपडं ठोकून सरळ केलं; चेपलेला गाल तेवढा मी तसाच ठेवायला लावला, आप्पांना खूण पटावी म्हणून. पहिल्यांदा इंजिन फुटफुटलं तेव्हा मी गॅरेजमध्ये टाळ्या वाजवल्या आणि लगेच पदरात तोंड खुपसून रडले. आशा फार वाईट असते हो. मला तर स्वप्नात आप्पा हाक मारताना ऐकू यायला लागले होते.

खंडेनवमीला गाडी दारात आली. हिरवीगार, झेंडूच्या माळा, दांड्याला लिंबू बांधलेलं. गल्ली गोळा झाली. दिनकररावांनाही आजऱ्याहून बोलावलं होतं. त्यांचं शेड कधीच बंद झालंय, ते आता मुलाच्या काजूच्या कारखान्यात असतात. ते अजून पोचले नव्हते.

आप्पांना धरून बाहेर आणलं. त्यांनी गाडीकडं बघितलं. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, वाकून हौद्याखाली हात घातला, चेपलेल्या गालावरून बोटं फिरवली. आणि सरळ उभे राहून म्हणाले,

"ही आपली न्हवं."

"अहो, आपलीच की!"

"न्हवं. ही दिनूची. आपली मी खोललीया. मागं पोत्याखाली हाय बघा."

कुणीतरी चुकचुकलं. एवढ्या जिवाची गाडी, तीही ओळखू आली नाही, मग माझी काय कथा? मी लहान लेकराला समजवावं तसं समजावलं, "आप्पा, ही आपली गाडी. तुम्ही विसरलाय." त्यांनी गाडीवरचा हात काढून घेतला. मग दबून म्हणाले, "असंल, असंल." त्यांचा तो पडलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी पाठ वळवून रडले. गाडीबरोबर आलेला सलीमही रडला.

आणि तेवढ्यात फाटकातून दिनकररावांचा आवाज!

"वैनी! अवो वैनी, काय केलासा हे! माझ्या म्हातारीला नवरी केलीसा की!"

मी डोळे पुसायचं विसरले. "तुमच्या?"

"माझीच की! हितं बघा, हौद्याला खालनं ठिगाळ लावलंतं मी. आन् ह्यो उजवा गाल आमच्या पोरानं खांबाला घासलाता. रंग तेवढा चुकलासा, माझी तांबडी हुती. शेड बंद केलं तवा आप्पाकडं ठिवली, आज न्हेतो उद्या न्हेतो म्हनून ऱ्हायलीच बघा. आन् तुम्ही तिचं असं सोनं केलासा! दसरा उद्या हाय वैनी, सोनं आजच दिलासा!"

म्हातारा दांड्याला मिठी मारून रडायला लागला. त्याला काय सांगू? चुकून केलं म्हणून?

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आन् आप्पाची कुठाय? त्यानं दुरुस्तीला खोलली हुती न्हवं का? एकेक भाग ग्रीस लावून फडक्यात बांधून ठिवलाता. मला म्हनलाता, दिनू, डोस्कं ऱ्हाईना आता, पर हिला एकदा जोडून उभी करतो."

मी गाडीच्या हौद्यावर मटकन बसले, झेंडूच्या माळांवरच. मला तो काळा गोळा दिसला, मी भिरकावलेला. बाईसाहेबांनी फडकं ठेवून घेतलं आणि गाडी देऊन टाकली!

दिनकररावांनी दुपारीच टेम्पो बोलावला आणि गाडी आजऱ्याला नेली. जाताना माझ्या पाया पडायला लागले. मी वर त्यांना पेढेही दिले. आप्पा कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "न्हेली काय दिनूनं? बरं झालं. किती दिस जागा अडवून बसली हुती."

मी तशीच रिक्षा करून भंगारवाल्याकडं गेले. तो म्हणाला, "काकू, ते कवाच भट्टीत गेलं. आतापातूर गटारीची झाकणं झाली असतील." तेव्हापासून मी रस्त्यात झाकणावर पाय देत नाही, वळसा घालून जाते. लोकांना वाटतं, बाईंचे गुडघे दुखतात.

सगळी पुस्तकं, नकाशे, खुणा शिकवल्या मी पोरांना. आणि ज्या माणसाची आठवण गेली म्हणून मी रडत होते, त्या एकट्यानं गाडी बरोबर ओळखली. त्यालाच मी, तुम्ही विसरलाय म्हणून गप्प केलं.

त्या संध्याकाळी दिवा लावला आणि त्यांनी विचारलंच, "गाडी आत घेतली का?"

मला खोटं बोलवेना. म्हटलं, "आप्पा, तुमची गाडी मी भंगारात घातली. मला ओळखूच आली नाही."

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "असू दे हो बाई. वय झालं की व्हतं असं. मन लावून घेऊ नगासा."

मी उठून चहा केला. पातेलं उतरवायला हाताला लागेल ते फडकं घेतलं आणि तशीच कप घेऊन बाहेर आले. आप्पांची नजर फडक्यावर गेली. त्यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं, उलगडलं, ग्रीसच्या डागावर बोट ठेवलं. कितीदा धुतलं, तो डाग काही जात नाही. नाकाला लावून वास घेतला. आणि चेहरा असा उजळला! कितीतरी महिन्यांनी तसा बघितला मी.

"ह्यात कार्बोरेटर बांधलाता मी," ते हळूच म्हणाले. मग इकडंतिकडं बघून माझ्याकडं वाकले. "बाई, एक काम करा. आमच्या मंडळींना सांगू नगासा. त्यांची चांगली इरकल फाडलीया मी. मऊ कापड लागतं हो, चरा पडत न्हाय. पर मास्तरीण हायत्या त्या, लई वरडत्यात."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"शपथ?"

"शपथ."

तेव्हा तुम्हीही बाहेर कुठं बोलू नका. त्यांच्या बायकोला अजून पत्ता नाही. आणि नाही लागायचा. एवढी भूगोलाची मास्तरीण, पण आपल्या घरात काय कुठं ठेवलंय, हे तिला कधी कळलंय?