प्रयागबाईंचा अंगठा

पेरू हातात आला की प्रयागबाईंचा अंगठा आपसूक त्याच्या बुडाशी जायचा आणि हलकेच दाबायचा. इंदापूरच्या बाजारात पाटी घेऊन बसण्यात त्यांची हयात गेली होती. "मावशी, आज खायचा द्या," "मावशी, पाव्हणं परवा येणार हायती, तवाचा द्या," असं म्हणत गिऱ्हाइकं यायची. बाई दाबून बघायच्या नि द्यायच्या, आणि पेरू बरोबर त्याच दिवशी पिकायचा. त्यांना याचा मनातून भारी तोरा होता. का नसावा?

मग त्यांच्या मुलानं, युवराजनं, कळस गावच्या रानात नव्या जातीच्या पेरूची बाग लावली. झाडावरच फळाला पिशवी, तोडलं की फोमची जाळी, मग खोकं, आणि खोकी ट्रकनं थेट दिल्लीला. बाजारातली पाटी सुटली. प्रयागबाई शेडमधल्या टेबलाशी, सून सोनम आणि मजूर बायकांबरोबर माल निवडायला बसू लागल्या. मालकाची आई म्हणून टेबलाच्या टोकाची जागा त्यांची.

एक दिवस दिल्लीच्या व्यापाऱ्यानं फोनवर फोटो धाडला. उघडलेलं खोकं, आणि पेरूंच्या बुडाशी अंगठ्याएवढे तपकिरी डाग. सोनमनं तो बायकांपुढं काढला नाही, घरी आल्यावर दाखवला.

"आत्याबाई, हितं काय बी दिसत न्हाय. तितं पोचस्तवर दाबल्याली जागा काळी पडती."

"माझीच करणी ती," प्रयागबाई म्हणाल्या. "उद्यापासनं न्हाय दाबायची."

हेकेखोर सासवा गावोगाव सापडतील, प्रयागबाई त्यातल्या नव्हत्या. त्यांना मनापासून शिकायचं होतं. पण अंगठ्याला कोण समजावणार? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं निम्मा क्रेट दाबून ठेवला होता आणि बाईंना पत्ताच नव्हता. सोनमनं हातमोजे दिले, तर अंगठा मोज्यातून दाबू लागला. शेवटी बाईंनी काडी लावून अंगठा चिंधीनं करकचून बांधला.

"काय वो मावशी, अंगठा मोडला का काय?" बायका हसल्या.

"मोडायलाच पायजे मेल्याला," बाईही हसल्या.

अंगठा गप्प बसला, तर शेजारचं बोट कामाला लागलं. पुन्हा फोटो आला. या वेळी डाग बारीक होते, पण व्यापाऱ्याचा आवाज मोठा होता. अजून एकदा असं झालं तर माल घेणार नाही, म्हणाला.

युवराज ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघत म्हणाला, "आई, तू आता निवडाय बसू नगं."

"मग खोकी तरी जुळवू दे."

कोपऱ्यात, टेबलाकडं पाठ करून त्या पुठ्ठ्याची खोकी जुळवू लागल्या. ज्या कामात साऱ्या बाजारानं त्यांना मानलं, त्याच कामातून पोटच्या पोरानं उठवलं होतं, आणि पोराची चूकही नव्हती. रागवायचं तरी कुणावर? ते काही केल्या कळेना, म्हणून त्या अंगठ्यावर रागावल्या. चिंधी काही सोडली नाही. घरी बसल्या बसल्या एक पेरू तळहातावर घ्यायचा, बघायचा आणि खाली ठेवायचा. पहिलीतलं पोर पाटीवर अक्षर गिरवतं तसं रोज चाललं होतं. "सोड आता ती चिंधी," युवराज म्हणाला, तर म्हणाल्या, "शिकतीया मी."

आणि शिकल्याच की! हंगाम सरता सरता चिंधी सोडली, सोनमपुढं आख्खा क्रेट निवडला. अंगठा बाजूला राहिला. तो माल दिल्लीला गेला, फोटो आला नाही. सोनमनं हाताला धरून त्यांना टेबलाच्या टोकाशी नेऊन बसवलं. बायकांनी मीठ लावून पेरू खाऊन तो दिवस साजरा केला.

त्या संध्याकाळी युवराजची धाकटी पोर श्रेया टोपलीभर पेरू घेऊन आजीपुढं आली. "आजी, ह्यातला आज खायचा कंचा?"

प्रयागबाईंनी एक उचलला. अंगठा जागचा हलला नाही. त्यांनी मुद्दाम बुडाशी नेऊन दाबला. काहीच कळलं नाही. दुसरा घेतला, जोरानं दाबला. घट्ट का मऊ, खुंटीला विचारावं तसं झालं.

"ह्यो घे," त्या अंदाजानंच म्हणाल्या.

श्रेयानं चावा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कच्चा हाय की गं आजी!"

बाईंनी टोपलीत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. मग टोपली पुढं सरकवून त्यांनी आत हाक मारली.

"सोनम, जरा भायेर ये. हिला सांग बरं, ह्यातला पिकल्याला कंचा त्ये."