दोघींमधली आई

गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी बाबांना सांगितलं. काचबिंदू होता. अंबरनाथहून रिक्षाने आम्ही कात्रपला घरी आलो. आल्या आल्या बाबांनी कपाटातला जुना फोटो मागितला.

फोटोत दोन तरुण बहिणी खुर्च्यांवर बसलेल्या. एक बाबांची आई, एक मावशी. बाबा तान्हे असतानाच त्यांची आई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि आजोळ तुटलं. दोघींतली आई कुठली, हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही. गळ्यात भरगच्च हार घातलेली, गंभीर चेहऱ्याची बाई, तीच आई, हार आपल्याच घरचा असणार, असं बाबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसरी हसत होती.

"दिसतंय तोवर मला नक्की कळायला हवं," ते म्हणाले.

मी शोधायचं ठरवलं. फोटोच्या मागे उल्हासनगरच्या स्टुडिओचा शिक्का होता. तिथे आता मोबाईलची दुकानं झालीत, पण शेजाऱ्यांनी स्टुडिओवाल्याच्या मुलाचं घर दाखवलं. तेही आता सत्तरीचे. फोटो बघून ते हसले. हा हार आमचाच, म्हणाले, साड्यासुद्धा आमच्या. गावाकडून लुगड्यात आलेल्या बायकांना वडील आतल्या खोलीत तयार व्हायला सांगायचे. हार गळ्यात कुणाच्याही पडला असता. बाबांचा एवढ्या वर्षांचा आधार तिथेच गेला.

मग खरवई. बाबांचं आजोळ तिथलं, एवढंच ठाऊक होतं. नव्या बिल्डिंगांच्या मागे जुनी घरं शोधत मी किती रविवार हिंडले. कुणी म्हणे ते घर जमीन विकून गेलं, कुणी म्हणे आहे कुठेतरी. मी पुन्हा जायचे. शेवटी देवळाजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला ओट्यावर बसवून घेतलं. त्या त्याच मावशीच्या लेक, बाबांच्या मावसबहीण निघाल्या.

फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला आणि गंभीर बाईवर बोट ठेवलं.

"ही माझी आय. लहानपणी चुलीत हात भाजला व्हता तिचा. बघ, डावा हात पदराखाली हाय. कुणाला दावीत नसं."

मी बघितलं. हात खरंच पदराखाली होता. आम्ही कायम चेहरेच बघत आलो होतो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी भिंग घेतलं, खिडकीशी गेले आणि हसणाऱ्या बाईकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, इतकी वर्षं भलत्याच चेहऱ्याला आई मानलं याचं त्यांना वाईट वाटेल.

"ती हसायची, हे मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. आणि लगेच, "मला त्या बहिणीकडे ने."

पुढच्या रविवारी त्यांना खरवईला नेलं. बहिणीच्या शेजारी बसून त्यांनी आपल्या आईबद्दल एकेक विचारायला सुरुवात केली. बहिणीनेही तिला पाहिलं नव्हतं, पण तिच्या आयशीने सगळं सांगून ठेवलं होतं. आवाज कसा होता, लग्नात कुठली गाणी म्हणायची, रागावली की काय म्हणायची. बाबा एकेक गोष्ट पुन्हा विचारून पक्की करून घेत होते. ज्याला डोळ्यांची गरज लागणार नाही, असंच सगळं ते विचारत होते.