देवळाबाहेर बसले होते तेव्हा

पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि एका सकाळी मोरीत लाल दिसलं. दुखत काहीच नव्हतं. पाळी परत आली की लघवीतून रक्त जातंय, मला उमजेना. या वयात सांगायचं तरी कुणाला? उष्णता असेल म्हणून सब्जा भिजवून प्यायले, देवीला हात जोडले. थांबलं. तिनंच ऐकलं, असं मी धरून चालले. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

मंगळवारी बायकांबरोबर घोडनदीकाठच्या देवीला गेले, पण आत पाऊल टाकवेना. विटाळ असला तर? ओटीचं ताट शेजारणीकडे दिलं आणि बाहेर बसून राहिले. आत आरती चाललेली, इकडे माझं रडू थांबेना. जिच्यापुढं गाऱ्हाणं घालायचं, तिच्याच दाराबाहेर मी. तिचा रागही आला.

गुडघे धरलेत म्हणून केडगावच्या एक म्हाताऱ्या बाईही तिथंच टेकल्या होत्या. "का गं, आत जात न्हाईस?" त्यांनी विचारलं. ओळख ना पाळख, पण मी सगळं सांगून टाकलं.

"रगत कुठनं येतंय ते तरी ठावं हाय का तुला?"

"न्हाई."

"मग इटाळ कशावरनं ठरवलास? माझ्या भावानं असंच अंगावर काढलं. थांबलं म्हंजी बरं झालं असं नसतंय, बाई. डॉक्टरला दाखव."

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. रक्त लघवीतलंच होतं. "हे जंतूंमुळं होतं, मुतखड्यानं होतं, कधी गाठीनंही. कारण सापडल्याशिवाय औषध कसं देऊ?" त्या म्हणाल्या. पुण्याला दुर्बिणीनं पाहिलं, तर लघवीच्या पिशवीत लहानशी गाठ. पोट न फाडता, लघवीच्या वाटेनंच ती काढली. कॅन्सरच होता, पण खोल गेला नव्हता. मग पिशवीत औषध सोडलं. अजूनही ठरल्या वेळी दुर्बीण घालून बघतात.

त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं. देवीनं धाडल्या, की नुसते गुडघे दुखत होते म्हणून बसल्या होत्या, मला अजून कळत नाही. मी तर रक्त थांबव एवढंच मागत होते. तिनं ते ऐकलं असतं, तर मी दवाखान्यात गेलेच नसते. म्हणून आता मागताना जीभ अडखळते. हात जोडते आणि एवढंच म्हणते, "आई, तुला दिसतंय."