मंडईतला आग्रह

मी केशोरीला, माझ्या गावी, कायमचा परत का गेलो नाही, याच्या दोन हकिकती आमच्या कुटुंबात प्रचलित आहेत. धाकटा भाऊ आधी सांगायचा, दादाला शहराची चटक लागली. माझा मुलगा सांगतो, आईने अडवले. दोन्ही खोट्या आहेत. पहिली भावाने रचली, दुसरी मी. माझी अधिक टिकली, कारण माझी भाषा बरी आहे.

निवृत्तीनंतर नागपुरात तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघेच उरलो. पत्नी दवनीवाड्याची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. केशोरीला राहायला जायचे, हे तिचे एकमेव मागणे होते. मी म्हटले, मंडईला जाऊ, पाहू, मग ठरवू.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्रा आणि रात्री नाटक. त्या दिवशी पाहुणा म्हणजे राजा. भावाने मला नाटकाला पहिल्या रांगेत बसवले, ताटातले बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे संपू दिले नाहीत आणि चारचौघांत हात धरला. “आता अठीच राहा गा दादा. तुही खोली रिकामीच हाये.” मंडईत प्रत्येक पाहुण्याला ‘राहा’ म्हणतात, आणि प्रत्येक पाहुणा दुसऱ्या दिवशी निघतो. लहानपणी हे मलाही ठाऊक होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत विसरलो.

परतताच पत्नीने भांडी पोत्यांत बांधायला घेतली. शिलाई मशीन तळमजल्यावरच्या बाईला देऊन टाकली. उन्हाळ्यात, खोली साफ करवून घ्यावी म्हणून, मी न कळवता एकटाच केशोरीला गेलो. भाऊ ओसरीवर खाटेवर पडला होता. उठला नाही.

“काऊन आला गा दादा? मंडई तं दिवाळीनंतर राह्यते.”

खोलीत छतापर्यंत खताची पोती होती. भावाच्या बायकोने पाणी आणले आणि दारातच विचारले, “वापसीची गाडी कितीची हाये?” मी उभ्यानेच पाणी प्यायलो आणि त्याच बसने निघालो. शहराची चटक ती हीच.

घरी पत्नीने विचारले, “कवा निघाचं?”

“डॉक्टर नाही म्हणतात. तुझ्या रक्तदाबाला गाव झेपणार नाही.”

“डॉक्टरले कवा इचारलं तुमी?”

“वाद घालू नकोस.”

तिने भरलेल्या पोत्यांकडे पाहिले आणि एकेक गाठ सोडली. मशीन परत मागू का, असे विचारल्यावर मी म्हणालो, दिलेली वस्तू मागणे आपल्याला शोभत नाही. संध्याकाळी मुलाला फोनवर सांगितले, तुझ्या आईचे मन होत नाही. ती शेजारीच भाजी निवडत होती. मी आवाज खाली केला नाही.

मला पश्चात्ताप होतो, असे कोणी लिहू नये. धाकट्या भावाच्या दारातून मी परतवला गेलो, हे गावात सांगितले जाण्यापेक्षा पत्नी हट्टी ठरलेली मला परवडली.

यंदा आम्ही दोघे पुन्हा मंडईला गेलो. पंगतीत भाऊ सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, “वहिनीले शहर सुटत नाही ना, नाहीतं दादा कवाचाच आला असता!” माणसे हसली. समोरच्या रांगेतून पत्नीने माझ्याकडे पाहिले. तिने घास खाली ठेवला होता. मी काही बोलेन, याची ती वाट पाहत होती. बराच वेळ पाहत होती.

मी आणखी एक वडा मागितला. भावाने आग्रह करकरून दोन वाढले.