जुळाऱ्याची परीक्षा

छापखान्यात त्यांना सगळे जुळारीकाका म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवल्या. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं असतं. काकांना सुलट अक्षरापेक्षा तेच आधी ओळखू यायचं. एका खणातून दुसऱ्या खणात जाताना त्यांच्या काळ्या पडलेल्या बोटांना डोळ्यांची गरज लागत नसे.

मग मालकांनी सांगितलं, शिशाचं खातं शनिवारी बंद होणार. कुठल्या शनिवारी, तेही सांगितलं: तीन महिन्यांनंतरच्या. पुढचं काम संगणकावर, मजकूर तपासणारे प्रोग्रॅम लिहिण्याचं. त्यासाठी जावा ही संगणकाची भाषा शिकवायला एक बाई येतील. परीक्षेत तीनपैकी दोन प्रोग्रॅम बरोबर चालले तो राहील, बाकीच्यांना नारळ.

काका बावन्न वर्षांचे. दुसरं कुठलंच काम त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं.

घरी धाकटी लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांचा अभ्यास घ्यायची.

"बाबा, ओळीतल्या पहिल्या अक्षराचा नंबर शून्य."

"पहिल्याला शून्य? म्हणजे थोरला लेक अजून जन्मायचाय म्हणायचं."

"म्हणा. संगणक तसंच मोजतो."

"बत्तीस वर्षं एकपासून मोजलंय गं. बोटं ऐकत नाहीत."

"त्यांना सांगा, आता मालकीण मी आहे."

काका हसले नाहीत. पण वहीत रोज एक ओळ लिहून त्यांनी प्रत्येक अक्षराखाली आकडा मांडला, शून्यापासून.

परीक्षेतला पहिला प्रश्न: दिलेल्या ओळीत शब्द किती, ते मोजा. परीक्षेला बसलेल्या बाकीच्या सहा जणांनी कोऱ्या जागा मोजल्या, त्यात एक मिळवला आणि पुढे गेले. काका थांबले. दोन शब्दांमधली जागा म्हणजे काहीच नाही, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. तीही शिशाचीच असते, हाताने ठेवावी लागते, आणि ओळ भरेनाशी झाली की एकाच्या जागी दोन ठेवतात. जागांवरून शब्द मोजावेत कसे? त्यांनी लिहिलं: आधी कोरं आणि आता अक्षर, तर नवा शब्द सुरू. सावकाश, एकेक अक्षर तपासत लिहिलं. त्यात निम्म्याहून जास्त वेळ गेला.

दुसऱ्यात ओळ शेवटाकडून उलटी छापायची होती. त्यांनी प्रोग्रॅम चालवला, पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं उमटली, आणि वेळ संपल्याची घंटा वाजली.

बाई तपासत आल्या. पहिल्या प्रश्नाला त्यांनी मुद्दाम मध्ये दोन-दोन कोऱ्या जागा असलेली ओळ दिली. साऱ्या खोलीत काकांचं एकट्याचं उत्तर बरोबर आलं. दुसरा पाहून बाई खाली वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही लांबीपासून सुरुवात केलीत. शेवटच्या अक्षराचा नंबर लांबीहून एकाने कमी असतो. उणे एक लिहा. मी खिडकीबाहेर बघते."

"दिसलं मला, बाई. घंटा वाजताना दिसलं."

"मग लिहा ना."

"छापून बाहेर पडलेल्या कागदाला जुळारी हात लावत नाही. चूक असली तर चुकीसकट जातो तो."

"अहो, नोकरीचा प्रश्न आहे."

"म्हणूनच."

बाईंनी काकांच्या नावापुढे एकाचा आकडा लिहिला. बाकीच्या सहा जणांचे पुढचे दोन-दोन चालले होते.

शनिवारी काकांनी शेवटच्या ओळी मोडल्या आणि खिळा न् खिळा आपापल्या खणात परत टाकला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. ते शिसं सोमवारी वितळायलाच जाणार होतं.

घरी लेक दारातच उभी होती. "किती चालले?"

"एक."

"दुसरा कशाने अडला?"

"शेवटून मोजताना एक उणा करायचा राहिला."

"एवढंच?"

"एवढंच."

तिचे डोळे भरून आले, तसं तिने तोंड फिरवलं. काकांनी हात धुतले, टेबलाशी खुर्ची ओढली आणि खिशातली प्रश्नपत्रिका उलगडली.

"बस. तिसऱ्यापर्यंत मी पोचलोच नव्हतो."