कोंबडीचा ताप आणि आमची सोयरीक

दुकानात गिऱ्हाईक असलं की किस्से सुचत नाहीत, आणि गिऱ्हाईक नसलं की किश्शांचा नुसता ढीग लागतो. वडवणीत स्टँडमागं माझं चिकन सेंटर आहे. मोबाईलवर बर्ड फ्लूच्या बातम्या फिरायला लागल्या, आणि पिंजऱ्यातल्या कोंबड्या अन् मी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायला लागलो.

धंद्याचं जाऊ द्या, तो आज पडतो उद्या उठतो. पण नेमकी त्याच वेळी थोरल्या पोरीची, शीतलची, सोयरीक उमापूरला जमत आली होती. तिकडून निरोप आला, "जरा दम धरू. तुमच्या घरी कोंबड्यांचा वावर हाय, अन् बातम्या काय चांगल्या न्हाईत."

म्हणजे रोग कोंबड्यांना, आणि क्वारंटाईन माझ्या पोरीला!

*

बाबूराव म्हणजे दर रविवारी किलोभर नेणारं पक्कं गिऱ्हाईक. त्या रविवारी तोंडाला रुमाल बांधून रस्त्याच्या पलीकडंच उभा राहिला.

"कावून बे, आज चिकन न्हाई?"

"न्हाई शेठ. पक्ष्यांचा रोग हाय म्हणं. डझनभर अंडी द्या."

"अरे, अंडी मग कोण घालतं?"

बाबूरावानं जरा विचार केला. "पर ती अजून पक्षी झाली न्हाईत की!"

मी गुमान डझनभर बांधून दिली. गिऱ्हाईकाचं ज्ञानच वाढवायचं असतं तर दुकान कशाला, शाळा काढली असती.

*

मग जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना बोलावलं. म्हटलं, साहेबानं चार लोकांत सांगितलं की पटेल. साहेब आले ते पांढरा किट, मास्क, चष्मा, हातमोजे असा सगळा सरंजाम करून! त्यांना बघूनच निम्मे लोक पांगले.

साहेबांनी कोंबड्या तपासल्या. "काही नाही. चांगलं शिजवून खा, बिनधास्त."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग किलोभर न्या की साहेब!"

"नेलं असतं हो, पण आज माझा गुरुवार असतो."

त्या दिवशी मंगळवार होता!

*

म्हटलं, आता स्वतःच खाऊन दाखवावं. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानापुढं चूल मांडली. रस्सा उकळला तसे वासानं लोक गोळा झाले. मी भाषण ठोकलं, "मंडळी, जिच्या जिवावर माझं घर चालतं त्या कोंबडीला मी भ्यावं?" टाळ्याबिळ्या पडल्या.

पहिला घास घेतला. मसाला बायकोचा होता, आणि मिरची टाकताना तिचा हात कधी आखडत नाही. असा ठसका लागला म्हणून सांगू! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मी खोकतोय तो खोकतोयच.

तोंड पुसून वर बघितलं तर पुढं फक्त एक कुत्रं. तेही जरा मागं सरकून बसलेलं!

*

ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतल्या तेव्हा जिवात जीव आला. त्यातली गयाबाई थेट पिंजऱ्यापाशी आली. "अख्खा हंगाम फडावर पाचटाच्या कोपीत काढला. साप बघितले, बिबट्या बघितला. ह्या कोंबडीला काय भ्यायचं? तीन कापा!"

मला इतका आनंद झाला की नको तो शहाणपणा सुचला. म्हटलं, "मावशी, नीट शिजवा बरं का. अन् साफ केल्यावर साबणानं हात धुवा."

गयाबाईनं उघडलेल्या पिशवीची परत घडी घातली. "इतक्या वर्षांत हे कदी सांगितलं न्हाई तुमी. मंजी हाय तर काहीतरी!"

गेली निघून! घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सवय नसल्यावर असंच होतं. खरं बोलायची वेळ चुकते."

*

शेवटी उमापूरचे पाहुणेच स्वतः आले. म्हणाले, घर बघू, बोलू, मग ठरवू.

आता आली पंचाईत. कोंबडी करावी तर सोयरीक मोडायची भीती. मटण आणावं तर गल्ली म्हणणार, चिकनवाल्याच्याच घरात चिकन चालंना! बायको म्हणाली, "कोंबडीच होईल."

पंगत बसली. शेजारीपाजारी काही ना काही निमित्त काढून दारात उभे. आमच्याकडं पाहुण्यानं घास घेतल्याशिवाय घरचा माणूस घेत नाही. मी म्हटलं, "घ्या पाव्हणं."

होणारे व्याही म्हणाले, "न्हाई, आदी तुमी."

"असं कसं? मान पाव्हण्याचा."

"तुमी वयानं थोरले. आदी तुमी."

रस्स्यावरचा तवंग गोठायला लागला. कुणी ताटाला हात लावंना. व्याह्यांचे भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. माझ्या डोळ्यांदेखत पोरीची सोयरीक निवत चालली होती.

शीतल भाकरी वाढत होती. तिनं टोपलं खाली ठेवलं, एक ताट ओढलं, पंगतीतच बसली आणि सरळ तंगडी उचलली. होणाऱ्या सासऱ्यापुढं! मी डोळेच मिटून घेतले.

"खावा की मामा," ती म्हणाली, "लई निवलंय."

मग व्याही मोठ्यानं हसले, भाकरी कुस्करली आणि भुरका मारला. त्यांच्यामागं त्यांचे भाऊ. दारातले शेजारीसुद्धा ताटं मागायला लागले. पातेलं खरवडायची वेळ आली.

व्याही म्हणाले, "पोरगी आमची झाली. तारीख काढा!"

माझे डोळे भरून आले. मी हात जोडले.

व्याही माझ्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिले.

"शेठ," ते म्हणाले, "समद्यांचे हात खरकटे हायेत. तुमचेच कावून कोरडे?"